व्हिडिओ दिसतो, पण सेव्ह काही होत नाही! (वाचकांचे प्रश्न)

या महिन्यात पत्रं आणि मेल धरून निम्म्याहून जास्त जणांनी एकच विचारलंय, वेबसाइटवर चालणारा व्हिडिओ आपल्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर उतरवायचा कसा. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, प्रिंटरवाल्यांनी रागवू नका.

प्रश्न : आमच्या चाळीच्या मंडळाची जुनी वेबसाइट आहे. त्यावर २००९ आणि २०१२ च्या गणेशोत्सवातल्या एकांकिका आहेत. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, माणसं विरार ते बदलापूर विखुरली, साइट बनवणारा मुलगा कॅनडात आहे आणि डोमेनचे (म्हणजे साइटच्या नावाचे) पैसे पुढे कोण भरणार ते कोणी बोलत नाही. २०१२ ची एकांकिका दिसते पण राइट क्लिक केलं तर सेव्हचा ऑप्शनच नाही. ‘सेव्ह पेज अ‍ॅज’ केलं तर पान उतरलं, व्हिडिओच्या जागी पांढरा चौकोन. २००९ ची तर साइटवरही दिसत नाही, नुसती राखाडी पट्टी. काही होईल का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : काका, आधी त्या कॅनडावाल्याला व्हॉट्सअ‍ॅप करा. खरंच सांगतो, ९० टक्के लोक ही पायरी सोडून थेट सॉफ्टवेअर शोधत बसतात. व्हिडिओ त्याच्या यूट्यूब अकाउंटवर असेल तर यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओच्या तीन टिंबांखाली त्याला डाउनलोड मिळतं, आणि सगळे एकदम हवे असतील तर गुगल टेकआउट आहे. आणि ओरिजिनल कॅसेट किंवा डीव्हीडी कोणाच्या माळ्यावर पडली असेल तर सोन्याहून पिवळं, कारण वेबवर चढवलेली कॉपी दाबून दाबून बारीक केलेली असते.

त्याचं उत्तर नाही आलं तर मग आपण. मुळात समजून घ्या की मंडळाच्या पानावर व्हिडिओ नाहीच आहे. पान म्हणजे नुसती खिडकी, व्हिडिओ बऱ्याचदा राहतो दुसऱ्याच कोणाच्या सर्व्हरवर, आणि पानात फक्त त्याचा पत्ता लिहिलेला असतो. म्हणून पान सेव्ह केलं की पांढरा चौकोन हातात येतो. तर पहिलं काम पत्ता शोधणं, डाउनलोडचं नंतर बघू.

२०१२ वाल्यासाठी पान उघडा, कंट्रोल आणि यू दाबा, पानाचा सोर्स कोड दिसेल. घाबरू नका, वाचायचा नाहीये. कंट्रोल-एफ करून ‘आयफ्रेम’ हा शब्द शोधा (इंग्रजी अक्षरांत हं). त्याच्या पुढे यूट्यूबचा पत्ता असेल तर ‘एम्बेड’ आणि तिरकी रेघ यांच्यानंतर ११ अक्षरांचं एक अगम्य काहीतरी दिसेल, तो व्हिडिओचा आयडी. तो मिळाला की मंडळाच्या साइटची गरज संपली, व्हिडिओ यूट्यूबवर सरळ उघडता येतो. फायरफॉक्स वापरत असाल तर अजून सोपं, शिफ्ट दाबून धरून व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘धिस फ्रेम’ मध्ये जाऊन फ्रेम नवीन टॅबमध्ये उघडायची, वर अ‍ॅड्रेस बारमध्ये पत्ता आयता.

यूट्यूब नसेल आणि साइटचा स्वतःचा प्लेअर असेल तर एफ१२ दाबा, नेटवर्क नावाच्या टॅबवर जा, वर मीडिया असं फिल्टर असतं ते निवडा, मग पान रिफ्रेश करून व्हिडिओ चालू करा. खाली एकेक ओळ यायला लागेल. स्टेटसच्या रकान्यात २०६ दिसलं तर तीच आपली फाइल असण्याची शक्यता जास्त, कारण व्हिडिओ तुकड्यातुकड्याने मागवला की सर्व्हर हा आकडा पाठवतो. त्या ओळीवर राइट क्लिक, नवीन टॅबमध्ये उघडा, कंट्रोल-एस, झालं. एकच सांभाळा, व्हिडिओआधी जाहिरात लागत असेल तर ती संपू द्या, नाहीतर एकांकिकेच्या जागी साबणाची जाहिरात हार्ड डिस्कवर जपून ठेवाल.

आता २००९ ची राखाडी पट्टी, ही मला जास्त इंटरेस्टिंग वाटली. तो फ्लॅशचा काळ, वेबवरचे व्हिडिओ तेव्हा फ्लॅश प्लेअर नावाच्या सॉफ्टवेअरमधून चालायचे. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअर बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातला कंटेंट चालणंच ब्लॉक केलं, त्यामुळे त्या काळात चिकटवलेले व्हिडिओ जुन्या साइट्सवर असे मेल्यासारखे दिसतात. पण मेलेला असतो तो प्लेअर, व्हिडिओ बऱ्याचदा जिवंत असतो! यूट्यूबने आयफ्रेमवाला कोड २०१० मध्ये आणला, त्याआधीच्या कोडमध्ये ‘एम्बेड’ च्या जागी नुसतं ‘व्ही’ असायचं, आयडी मात्र तोच. तर सोर्समध्ये ते ‘व्ही’ आणि तिरकी रेघ शोधा, पुढची ११ अक्षरं उचला आणि यूट्यूबच्या नेहमीच्या ‘वॉच’ वाल्या लिंकमध्ये घाला. व्हिडिओ कोणी उडवला नसेल तर सुरू होईल. आणि तिथे यूट्यूबच्या ऐवजी शेवटी डॉट एफएलव्ही असलेला पत्ता सापडला तर तो तसाच अ‍ॅड्रेस बारमध्ये टाकून बघा, फाइल सर्व्हरवर पडलेली असेल तर आपोआप उतरते आणि व्हीएलसी ती आरामात चालवतो.

हे सगळं डोमेन चालू आहे तोवरच. पुढच्या रविवारी वगैरे नको, आजच बसा.

प्रश्न : मी कॉलेजच्या लेक्चरचा व्हिडिओ एफ१२ करून शोधला, पण एक फाइल येतच नाही, शेकडो छोट्या छोट्या फाइली येतात आणि प्रत्येक चार-सहा सेकंदांची. व्हिडिओचा पत्ता बघितला तर सुरुवातीला ‘ब्लॉब’ लिहिलंय, तो दुसऱ्या टॅबमध्ये टाकला तर काहीच उघडत नाही.
— एक विद्यार्थिनी, विलेपार्ले

उत्तर : ब्लॉबच्या मागे लागू नकोस, तो पत्ता फक्त तुझ्या ब्राउझरच्या त्या टॅबपुरता बनलेला असतो, बाहेर त्याला काही अर्थ नाही. तुझा व्हिडिओ एचएलएस पद्धतीने येतोय. अ‍ॅपलने २००९ मध्ये काढलेली पद्धत आहे, व्हिडिओचे तुकडे करायचे आणि त्यांची यादी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये द्यायची, म्हणजे लोकलमध्ये नेट मंदावलं की प्लेअर पुढचा तुकडा हलक्या क्वालिटीचा मागवतो, व्हिडिओ अडकत नाही. तुकडे गोळा करत बसायचं नाही, यादी पकडायची. नेटवर्क टॅबमध्ये मीडियाऐवजी ‘ऑल’ ठेव आणि फिल्टरच्या चौकटीत एम३यू८ टाईप कर, मग रिफ्रेश. जी ओळ येईल तिची लिंक कॉपी कर.

मग एफएफएमपेग. व्हिडिओ जोडण्या-बदलण्याचं फुकट सॉफ्टवेअर आहे, पण खिडक्या-बटणं काही नाहीत, कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या स्क्रीनवर टाईप करायचं. आधी एफएफएमपेग, मग मायनस आय, मग लिंक अवतरणचिन्हांत, मग मायनस सी कॉपी, शेवटी फाइलचं नाव डॉट एमपी४. ‘कॉपी’ म्हटल्यामुळे तो व्हिडिओ परत नव्याने बनवत नाही, नुसते तुकडे जोडतो, म्हणून तासाभराचं लेक्चरसुद्धा जेवढा वेळ डाउनलोडला लागेल तेवढ्यातच होतं आणि क्वालिटी तसूभर कमी होत नाही. ४०३ एरर आली तर समज की लिंकची मुदत संपली किंवा सर्व्हर बघतोय की मागणी कॉलेजच्या पानावरूनच आली का. पान रिफ्रेश करून ताजी लिंक घे आणि लगेच चालव. आणि हो, सरांना विचारून ठेव गं, लॉगिनच्या आतलं लेक्चर उद्या ग्रुपवर फिरलं तर नाव तुझंच येणार. एनपीटीईएलच्या (आयआयटीवाल्यांच्या फुकट ऑनलाइन) लेक्चर्सना हा खटाटोप लागत नाही, ते स्वतःच डाउनलोड देतात.

प्रश्न : गुगलवर ‘व्हिडिओ डाउनलोडर फ्री’ टाकून एक साइट उघडली, लिंक पेस्ट केली, व्हिडिओ मिळाला नाही पण तेव्हापासून कोपऱ्यात सारखं येतंय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे. मुलगा म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : फॉरमॅटची घाई नको. त्या साइटने ‘अलाऊ’ दाबायला लावलं असणार, तुम्ही दाबलं, आणि आता ती क्रोमच्या नोटिफिकेशनमधून जाहिराती फेकतेय. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथे अनोळखी नाव दिसेल ते काढून टाका. जर डाउनलोड म्हणून एखादी डॉट ईएक्सई फाइल उतरली असेल आणि तुम्ही ती चालवली असेल तर मात्र अँटिव्हायरसचा फुल स्कॅन करा. व्हिडिओची फाइल कधीच ईएक्सई नसते, एवढं मुलालाही सांगा. असल्या साइटवर पाच हिरवी डाउनलोड बटणं असतात आणि पाचही खोटी असतात.

प्रश्न : भाचीने वायटी-डीएलपी हे व्हिडिओ उतरवायचं सॉफ्टवेअर टाकून दिलंय. आमच्या भरतनाट्यम क्लासचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत (चॅनल आमच्या बाईंचंच, परवानगी आहे). पण कधी चित्र आहे तर आवाज नाही, आणि आवाज आला तर टीव्हीवर लावल्यावर ‘फॉरमॅट नॉट सपोर्टेड’.
— एक वाचक, दादर

उत्तर : ताई, दोन वेगळ्या भानगडी आहेत. यूट्यूब १०८०पी चं चित्र आणि आवाज वेगवेगळ्या फाइलींत ठेवतं आणि बघताना ब्राउझर दोन्ही एकत्र वाजवतो. वायटी-डीएलपी त्या जोडू शकतं, पण जोडायला एफएफएमपेग लागतं, ते भाचीने टाकलेलं दिसत नाही. टीव्हीचं दुखणं म्हणजे उतरलेली फाइल व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून बारीक करायच्या पद्धतीत) असणार, जुन्या टीव्हीला ते वाचता येत नाही. आधी वायटी-डीएलपीला मायनस कॅपिटल एफ आणि लिंक देऊन यादी काढा. त्यात एव्हीसी१ (हा कोडेक जुन्या टीव्हीलाही सहसा चालतो) लिहिलेली ओळ चित्राची आणि एम४ए लिहिलेली आवाजाची. साधारणपणे १३७ नंबर १०८०पी चित्राचा आणि १४० आवाजाचा असतो, मग मायनस स्मॉल एफ, १३७ अधिक १४०, लिंक. मध्येच एखाद दिवशी काहीच उतरत नाही असं झालं तर मायनस कॅपिटल यू देऊन अपडेट करा, यूट्यूब आतल्या आत सारखं बदलत असतं आणि हे सॉफ्टवेअर त्याच्या मागे धावत असतं. बाईंची परवानगी आहे ते चांगलंच, पण नियमाने बघायचं तर यूट्यूबच्या अटींत त्यांनी दिलेल्या बटणाशिवाय डाउनलोड करायला मनाई आहे, तेव्हा बाईंनाच स्टुडिओतून काढून द्यायला सांगितलं तर सगळ्यांचीच झंझट वाचेल.

प्रश्न : ओटीटीवरची सिरीयल स्क्रीन रेकॉर्ड केली तर आवाज येतो, पडदा काळा. उपाय?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : नाही. व्हिडिओ एन्क्रिप्ट केलेला असतो आणि वाइडवाइनसारखं कुलूप रेकॉर्डरला चित्र देतच नाही, ते मुद्दाम आहे. कॉपीराइट मोडायच्या हेतूने कुलूप तोडणं हा कॉपीराइट कायद्याच्या २०१२ मध्ये आलेल्या कलम ६५ए खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. अ‍ॅपमधलं डाउनलोड वापरा, गावाला जाताना गाडीत बघायला तेवढं पुरतं.

प्रश्न : साडेपाच जीबीचा व्हिडिओ ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर जात नाही, जागा असूनही ‘फाइल टू लार्ज’. लॅमिंग्टन रोडवरून घेतला, डुप्लिकेट निघाला का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : या एररवरून तरी तसं वाटत नाही. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असणार, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर ठेवताच येत नाही, जागा कितीही असू दे. आतलं सगळं आधी दुसरीकडे काढून घ्या (फॉरमॅट मारला की पुसलं जाईल), मग राइट क्लिक, फॉरमॅट, एक्सफॅट निवडा. टीव्ही जुना असून एक्सफॅट वाचत नसेल तर एफएटी३२ च ठेवा आणि व्हिडिओचे दोन भाग करून टाका.