४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे का? हाताने ठरवायची सोपी पद्धत कोणती?

मूळ नाही. ६४१ × ६७००४१७ = ४२९४९६७२९७, आणि हे दोन्ही अवयव मात्र मूळ आहेत. या संख्येवरून दहावीत मी भर वर्गात बोलणी खाल्ली आहेत, म्हणून लिहायला बसलो.

शिकवणीच्या सरांनी फळ्यावर ३, ५, १७, २५७, ६५५३७ लिहिलं. २ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात, प्रत्येकात १ मिळवलेला. पुढची म्हणजे बत्तिसावा घात अधिक १. तीही मूळच, फ्रेंच गणिती फर्माने १६४० मध्ये सांगून ठेवलंय, असं सर म्हणाले.

निपाणीत मामांची तंबाखूची वखार होती. तिथं संध्याकाळी जुन्या किर्दीच्या कोऱ्या पानांवर मी ओळीनं एकेक मूळ संख्या घेऊन भागत सुटलो. वखारीतल्या कॅल्क्युलेटरवर आठच आकडे मावायचे, ही दहा आकडी. नऊ दिवस गेले. ५७७ ने भागून २८८ उरले. ६४१ ने भागलं आणि काहीच उरलं नाही.

सरांनी वही उघडलीसुद्धा नाही. "एवढ्या लांब भागाकारात चूक झाली असणार. फर्मापेक्षा तू शहाणा?" वखारीतले दिवाणजी कन्नड बोलणारे. त्यांनी माझा भागाकार बाजूला ठेवला आणि सरळ ६७००४१७ × ६४१ हा गुणाकार मांडला:

६०० पट ४०२०२५०२००
४० पट २६८०१६६८०
१ पट ६७००४१७

बेरीज करून म्हणाले, "बरोबरी ऐति," म्हणजे बरोबर आहे. दोन मिनिटांचं काम.

कॉलेजात गेल्यावर कळलं, स्विस गणिती ऑयलरने १७३२ मध्येच हे अवयव दिले होते. या संख्येचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवून येणाराच असतो. म्हणजे तपासायच्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या. मी तिथवर एकही सोडली नव्हती, त्याने पाचांत काम संपवलं. दुसरीही एक खूण आहे. ही संख्या ६५५३६² + १² आहे, आणि ६२२६४² + २०४४९² सुद्धा. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत अशी दोन तऱ्हांनी कधीच मांडता येत नाही.

६४ ची ही वाट मात्र अशा खास घडणीच्या संख्यांपुरती. एखादी साधी दहा आकडी संख्या हाताने भागून तपासायची तर अवयव सापडेपर्यंत, नाहीतर थेट वर्गमुळापर्यंत भागत जावं लागतं, आणि ६५५३६ च्या खालीच ६५४२ मूळ संख्या आहेत.

तुमच्याकडे कुणी पोरगं असा भागाकार घेऊन आलं तर आधी गुणून बघा, नाव कितीही मोठं असो. सर वाईट नव्हते, भूमिती मला त्यांच्यामुळेच आली. पण त्या दिवशी तीन ओळींचा गुणाकार त्यांनी करायला हवा होता.