शॉकअप आणि स्टिअरिंग डॅम्पर : वाचकांचे पिकअपविषयीचे प्रश्न

प्रश्न : माझी पिकअप रिकामी असली की मागून उडते आणि माल भरला की मागून बसते. जास्त कडक शॉकअप टाकले तर दोन्ही त्रास जातील का?

बसण्याचा त्रास जाणार नाही, आणि उडण्याचा कदाचित वाढेल. वजन पेलतात ते पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. शॉकअप फक्त पाट्यांचे वरखाली होणे आवरतो. उभ्या गाडीचे शॉकअप काढून टाकले तरी तिच्या उंचीत फारसा फरक पडत नाही. म्हणून आधी सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजा. एक बाजू खाली असेल तर तिकडचा पाटा मोडला आहे का किंवा पाट्यांचा मधला बोल्ट तुटला आहे का, ते बघा. दोन्ही बाजू सारख्याच आणि जास्त बसत असतील तर पाट्यांची कमान गेली आहे, नाहीतर माल ठरलेल्या क्षमतेपेक्षा जास्त भरला जातो आहे.

रिकामी गाडी उडते, कारण पाटे भरल्या वजनाच्या हिशेबाने कडक केलेले असतात. त्यातच मागच्या टायरांत कायम भरल्या गाडीची हवा ठेवली जाते. दाराच्या चौकटीवरच्या तक्त्यात रिकाम्या गाडीसाठी वेगळा आकडा असेल तर रिकामे जाताना तो पाळा. निम्मा त्रास तिथेच जाऊ शकतो. उरलेला शॉकअपचा. दबलेला पाटा उसळतो तेव्हा त्याला आवरणारा जोर, म्हणजे रिबाउंड, जुन्या शॉकअपमध्ये संपलेला असतो. नवा घेताना रिबाउंड चांगला असलेला घ्या. दाबतानाही दगडासारखा असलेला शॉकअप घेतलात तर प्रत्येक खडा हौद्यात जाणवेल.

प्रश्न : ट्विन ट्यूब घ्यावा की मोनोट्यूब?

रोजचा रस्ता डांबरी असेल तर चांगला ट्विन ट्यूब, म्हणजे एकात एक दोन नळ्यांचा शॉकअप, पुरतो. खडबडीत वाटेवर तासन्‌तास चालवायची असेल तर मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा. ट्विन ट्यूबमध्ये तेल आणि वायू एकाच जागेत असतात. सतत धक्क्यांनी तेलाला फेस येतो, फेसाळ तेल पिस्टनमधून सहज निसटते आणि शॉकअप तेवढ्यापुरता ढिला पडतो. मोनोट्यूबमध्ये तरंगता पिस्टन नायट्रोजनला तेलापासून वेगळे ठेवतो, शिवाय तेल थेट बाहेरच्या भिंतीला लागून असल्यामुळे उष्णता लवकर निघून जाते.

पण तीच भिंत पिस्टनचा सिलिंडरही असते. दगड लागून पोचा पडला की पिस्टन अडकतो आणि मोनोट्यूब निकामी होतो; ट्विन ट्यूबला बाहेरून बसलेला साधा पोचा बहुतेक वेळा चालून जातो. बसवताना ट्विन ट्यूबचा दांडा वरच्या बाजूला हवा. मोनोट्यूब सहसा उलटाही बसतो.

प्रश्न : गाडी २ इंच उंच केली आहे. किती लांबीचे शॉकअप मागवू?

नुसते ‘२ इंच लिफ्टचे’ म्हणून मागवू नका, मोजून मागवा. गाडी चाकांवर उभी असताना वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतचे अंतर घ्या. मग एक्सल आणि बंप स्टॉपचे रबर (एक्सल वर येऊन चासीला आपटू नये म्हणून लावलेले) यांमधली फट मोजा. समजा बोल्ट ते बोल्ट २० इंच, फट साडेतीन इंच आणि रबर आणखी १ इंच दबते. म्हणजे पूर्ण दबल्यावर जागा उरते साडेपंधरा इंच. अर्धा इंच हाताशी ठेवून बंद अवस्थेत १५ इंचांपेक्षा जास्त नसलेला शॉकअप घ्यायचा. लांब घेतला तर बंप स्टॉपला टेकण्याआधी शॉकअपच तळाला आपटतो आणि आतला व्हॉल्व्ह किंवा वरचे ब्रॅकेट तुटते.

दुसरे टोकही बघा. चासी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवून एक्सल जॅकने हळूहळू खाली सोडा, म्हणजे शॉकअपची उघडी लांबी किती हवी ते कळेल. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर मात्र कुठेही ताणली जाता कामा नये. तसे होत असेल तर होज लांब घ्या.

प्रश्न : नवे शॉकअप बसवल्यापासून खालून टक-टक आवाज येतो. माल खराब निघाला का?

बहुधा बसवण्यात चूक आहे. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असतानाच पूर्ण आवळले की ती खाली आल्यावर बुशला कायमचा पीळ बसतो. रबर फाटते आणि मग लोखंड लोखंडावर वाजते. हवेत असताना बोल्ट हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवून दोनदा हलवायची आणि मग कंपनीने दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळायचे. वर उभ्या दांड्याचा नट असेल तर रबर वॉशरच्या काठाइतके फुगेपर्यंतच आवळा.

ट्विन ट्यूब आडवा साठवलेला असतो, त्यामुळे आतल्या नळीत हवा शिरते. बसवण्याआधी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा. हेही राहून गेले असेल तर आवाज येतो.

जुने नट निघत नसतील तर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा. गॅसच्या शॉकअपला टॉर्चची ज्योत लावू नका, तो फुटू शकतो. कॉइल स्प्रिंग असेल तर शॉकअप सोडण्याआधी एक्सलला जॅकचा आधार द्या, नाहीतर एक्सल खाली जाऊन स्प्रिंग बाहेर पडते. आणि एका एक्सलचे दोन्ही शॉकअप एकदमच बदला.

प्रश्न : पुढे सलग एक्सल (दोन्ही चाके एकाच आडव्या एक्सलवर) आहे. ८० च्या वेगात खड्डा लागला की स्टिअरिंग भयंकर थडथडते. नवा स्टॅबिलायझर टाकला, महिनाभर बरे गेले, पुन्हा तेच. दोन स्टॅबिलायझर लावू का?

नको. स्टॅबिलायझर किंवा स्टिअरिंग डॅम्पर म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याला आडवा लावलेला शॉकअप. तो थरथर दाबतो, ढिलेपणा घालवत नाही. महिनाभर दुखणे झाकले गेले आणि तेवढ्यात ढिले सांधे आणखी झिजले.

तपासणी अशी करा. चाके जमिनीवर, पाचर लावलेली, हँडब्रेक ओढलेला, पॉवर स्टिअरिंगसाठी इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे भराभर हलवायचे आणि दुसऱ्याने खालून एकेक सांधा बघायचा. पहिली नजर ट्रॅक बारवर, म्हणजे एक्सलला चासीशी आडवे जोडणाऱ्या दांड्यावर. चासीकडच्या टोकाला बोल्ट ढिला राहतो, भोक अंडाकृती होते आणि एक्सल डावी-उजवीकडे सरकतो. भोक बिघडले असेल तर नवा बोल्ट काही दिवसच टिकेल. ब्रॅकेट दुरुस्त करून किंवा बदलूनच पुढे जा. मग स्टिअरिंगचे जोड बघा : टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक, पिटमन आर्म आणि स्टिअरिंग बॉक्सचे चासीवरचे बोल्ट. बॉल जॉइंट आणि व्हील बेअरिंग मात्र चाक उचलून, वर-खाली धरून हलवून बघावे लागतात.

सगळे घट्ट निघाले तर टायरचे बॅलन्सिंग आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे असलेला कल) बघा. गाडी उंच केली की एक्सल फिरतो आणि कॅस्टर कमी होतो, त्यामुळे चाके आपोआप सरळ होण्याची ओढ मंदावते. तो सुधारायला वेगळे आर्म किंवा एक्सेंट्रिक बोल्ट लागतात, नुसते टो-इन (चाकांची पुढची बाजू किंचित आत घेणे) करून भागत नाही.

नीट गाडी स्टॅबिलायझर काढूनही थडथडत नाही. तो सगळ्यात शेवटी, खड्ड्याचा झटका हाताला कमी बसावा म्हणून. दुरुस्ती होईपर्यंत थडथड सुरू झालीच तर स्टिअरिंग घट्ट धरा, अंगठे रिंगच्या बाहेर ठेवा आणि सावकाश वेग कमी करा.

प्रश्न : स्टॅबिलायझर बदलल्यावर गाडी एका बाजूला ओढते. अलाइनमेंट बरोबर आहे.

गॅसचा स्टॅबिलायझर दांडा सतत बाहेर ढकलतो, हा त्याचाच जोर असू शकतो. त्याचे एक टोक सोडा, बांधून ठेवा आणि मोकळ्या रस्त्यावर हळू चालवा. ओढणे थांबले तर गॅस नसलेला तेलाचा घ्या. बसवताना चाके सरळ आणि दांडा निम्मा बाहेर हवा. नंतर स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा : स्टिअरिंगचा स्टॉप लागण्याआधी स्टॅबिलायझर संपत असेल तर वळण अपुरे राहील. यू-बोल्टचा क्लॅम्प थोड्या दिवसांनी पुन्हा आवळा, तो स्टिअरिंगच्या दांड्यावर सरकतो.

प्रश्न : पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि रॅक-पिनियन आहे. स्टॅबिलायझर लावू का?

गरज नाही. कंप येत असेल तर टायर, रिम आणि टाय रॉड एंड बघा.