गार असताना पकडतो, तापला की सोडतो

प्रश्न : माझा २४ व्होल्टचा डिझेल टिपर आहे. भरल्या गाडीनं तुळजापूरचा घाट चढताना टेम्परेचरचा काटा लालपर्यंत जातो. पंख्याला मॅग्नेटचा क्लच आहे, तो पकडला की पंखा इंजिनबरोबर फिरतो. गॅरेजमध्ये बघितलं की ‘खट्’ करून पकडतो. वायरमन म्हणतो, करंट २४ व्होल्ट येतोय, क्लच ठीक आहे. मग रेडिएटर बदलू का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : रेडिएटरवर पैसे घालू नका. पाणी पुरेसं आहे ना, बेल्ट ढिला नाही ना आणि जाळीत धूळ-पाचट बसलेलं नाही ना, एवढं मात्र आधी बघून घ्या.

तुमच्या वायरमननं बहुतेक प्लग काढून मोजलंय. तसं मोजलं तर गंजून हिरवी पडलेली पिनही २४ दाखवते. प्लग जोडलेलाच ठेवून मागून सुई घालायची आणि क्लच चालू असताना मोजायचं. बॅटरीपेक्षा व्होल्टभराहून जास्त कमी भरलं, तर खोट वायर, रिले किंवा अर्थिंगमध्ये. गेल्या मे महिन्यात माझ्याकडे आलेल्या गाडीत अर्थिंगचा थिंबल (वायरच्या टोकाची कडी) चॅसीच्या रंगावरच आवळला होता! पॉलिश पेपरनं रंग खरवडला, काम झालं.

इथं सगळं बरोबर निघालं तर गॅपकडे वळा, म्हणजे मॅग्नेट ओढतो ती प्लेट आणि तिच्यासमोरचा भाग यांच्यातल्या फटीकडे. मॅग्नेटची कॉइल तांब्याची. ती ८० अंशांनी तापली की रेझिस्टन्स साधारण ३० टक्के वाढतो, करंट पाऊण होतो आणि मॅग्नेटची ओढ निम्म्याच्या जवळ येते. प्लेट झिजून गॅप वाढला असेल, तर सकाळी गार इंजिनवर क्लच पकडतो, घाटात नाही. म्हणून गाडी तापवून आणा, इंजिन बंद करा, चावी खिशात टाका आणि मगच फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. गॅप मिलिमीटरच्या अंशातला असतो, नेमका आकडा तुमच्या क्लचच्या मॅन्युअलमधलाच धरा. कॉइलचा रेझिस्टन्सही तापलेलीच असताना मोजा. आतली तुटकी तार कधी कधी तापल्यावरच सुटते.

काही क्लचना पंखा बोल्टनं जाम करायची सोय असते. तुमच्यात असेल तर तेवढ्यावर घर गाठता येतं. डिझेल जास्त जातं, आवाजही होतो. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह) काढून टाकायचा सल्ला कुणी दिला, तर चहा पाजून त्याला वाटेला लावा.