‘नॅचरल रनिंग’चा एकच बॅनर सगळ्यांना चालणार नाही

तुझा प्रश्न थोडक्यात असा: रावपुऱ्यात वडिलांचं चपला-बुटांचं दुकान, पातळ सोलच्या रनिंग शूजचा दोनशे जोडांचा माल येऊन पडलाय आणि ‘नॅचरल रनिंग, गुडघेदुखी विसरा’ असा बॅनर करून तो कॉलेजची मुलं, मॅरेथॉनवाले आणि कमाटीबागेत सकाळी फिरणारी मंडळी या तिघांनाही विकायचा आहे. मी बरीच वर्षं बडोद्यात फुटवेअरच्या घाऊक धंद्यात आहे आणि थोडंफार धावतोही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी बॅनरवरून गुडघेदुखी काढ, आजच. बोटांना वेगवेगळे कप्पे असलेले ‘फाइव्हफिंगर्स’ काढणाऱ्या व्हायब्रम कंपनीवर अमेरिकेत २०१२ साली ग्राहकांनी दावा लावला होता. पायाचे स्नायू बळकट होतात, दुखापती कमी होतात, या जाहिरातीला शास्त्रीय आधार नाही, अशी तक्रार. २०१४ मध्ये कंपनीने ३७.५ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. तुला माल देणाऱ्या कंपनीचा माणूस हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांचा २०१० चा ‘नेचर’मधला लेख दाखवेल. त्यात म्हटलंय ते एवढंच, की अनवाणी धावायची सवय असलेली माणसं बरेचदा चवड्यावर पाऊल टेकवतात आणि टाचेवर आदळताना बसणारा पहिला हिसका त्यांना जवळपास बसत नाही. दुखापती कमी होतात असं त्या लेखात सिद्ध केलेलं नाही. पण जाहिरातवाल्यांनी मधली पायरी गाळली ती गाळलीच.

आता गिऱ्हाइकांच्या वाटणीकडे येऊ. वय आणि खिसा पाहून गट पाडायचे ही आपली जुनी सवय, इथे ती उपयोगाची नाही. या बुटाचं गिऱ्हाईक पायावरून ओळखायचं: पायाला पातळ सोलची सवय किती आहे आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत हा माणूस बूट घालून काय करणार आहे. अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २०१३ मध्ये एक अभ्यास छापला. नेहमी धावणाऱ्या ३६ जणांपैकी १९ जणांना दहा आठवड्यांत हळूहळू अशा शूजवर आणलं, तर एमआरआयमध्ये त्यातल्या १० जणांच्या पावलाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. ही सराव असलेली माणसं होती बरं का. तुझा मॅरेथॉनचा नवशिका आज बूट नेऊन रविवारी त्यात दहा किलोमीटर धावेल आणि सोमवारी पोटऱ्या धरून दुकानात येईल. येताना ग्रुपवर फोटोही टाकून येईल.

तेव्हा पहाटे धावणाऱ्या ग्रुपांना हा बूट ‘दुसरा जोड’ म्हणून विक. गादीवाला बूट राहू दे, हा आठवड्यातून एक-दोनदा गवतावर छोट्या स्प्रिंटसाठी आणि ड्रिलसाठी. ही मंडळी आकडे विचारतात, त्यामुळे टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक म्हणजे ड्रॉप, सोलची जाडी आणि वजन पाठ असू दे. झिरो ड्रॉप म्हणजे पातळ सोल असं नव्हे, हेही लक्षात ठेव. आल्ट्रा कंपनीचे बहुतेक बूट झिरो ड्रॉपचे, म्हणजे टाच आणि चवडा एकाच उंचीवर असलेले, असूनही बऱ्यापैकी गादीचे असतात. कुणी मिलिंद सोमणांचं नाव काढेलच, २०१६ मध्ये ते अहमदाबादहून मुंबईपर्यंत अनवाणी धावत गेले. खरं आहे, पण ते पाय महिन्याभरात तयार झाले नव्हते, एवढं शांतपणे सांग.

सगळ्यात सोपं गिऱ्हाईक तुझ्या यादीतच नाही: जिमवाला. वजन उचलताना त्याला सपाट, न दबणारा सोल हवा असतो. जाड गादीवर स्क्वॉट मारताना पाय डगमगतो हे त्याने अनुभवलेलं असतं, पटवायला लागत नाही. अंतर धावायचं नसल्यामुळे पोटरीच्या तक्रारीही कमी. आणि आपल्या गावाला दांडिया बाजारपासून तालमीची, मल्लखांबाची परंपरा आहे, तिथल्या पोरांचे पाय तर मातीवरच घडलेले. पहिले पन्नास जोड इथेच जातील असा माझा अंदाज.

दुसरं, गरबा. आपल्या मोठ्या मैदानांवर लोक नऊ रात्री अनवाणीच खेळतात, तिथे बूट विकायला जाऊ नकोस, हसतील. पण त्याआधी महिना-दोन महिने क्लासमधल्या टाइल्सवर नाहीतर सोसायटीच्या काँक्रीटवर प्रॅक्टिस चालते. गादीवाल्या बुटात गिरकी घेताना पाय अडकतो, अनवाणी तळवा सोलतो. मधली जागा रिकामी आहे. श्रावणातच क्लासवाल्यांना भेट. इथे ‘रनिंग’ हा शब्दही नको, ‘पाय मोकळा राहतो, बोटं पसरतात’ एवढं पुरे.

भरतीच्या पोरांचा विषय मात्र नाजूक आहे. पादरा, वाघोडिया, डभोई इकडून पोलीस भरतीसाठी येणारी मुलं ५ किलोमीटर २५ मिनिटांत बसवायच्या मागे असतात. त्यातली कित्येक लहानपणापासून अनवाणी धावलेली, म्हणजे या बुटाला सर्वात लायक पाय त्यांचेच. पण ज्याने नाइलाजाने अनवाणी धाव घेतली आहे त्याला ‘अगदी अनवाणी धावल्यासारखं वाटतं’ असं सांगून अडीच हजार मागितलेस तर तो तुझ्याकडे बघतच राहील. त्याच्या लेखी पातळ सोल म्हणजे हलका माल. कमीपणाची हौस त्यालाच परवडते ज्याच्याकडे आधी जास्त असतं. या मुलांना वजन, ग्रिप आणि टिकाऊपणा दाखव, तीन-चार जणांनी मिळून घेतले तर भाव सोड, आणि ‘नॅचरल’ वगैरे शब्द तोंडातून काढू नकोस.

कमाटीबागेतल्या काका-काकूंना हा माल पुढाकार घेऊन विकू नकोस. मधुमेहात अनेकांच्या तळव्याची संवेदना कमी होते, खडा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते. ‘डायबिटीस आहे का?’ हा प्रश्न काउंटरवर प्रत्येक पन्नाशीच्या पुढच्या माणसाला विचार, आणि ‘हो’ म्हटलं की गादीचा बूट दाखव. एक जोड कमी खपेल, पण त्याच घरातले चौघे पुढची दहा वर्षं तुझ्याकडे येतील. हां, आयुष्यभर सपाट चपलेत वावरलेल्या, तब्येतीने ठणठणीत काकूंना चवड्याला रुंद बूट हवा असेल तर चालण्यापुरता खुशाल दे. शाळेपासून जाड सोलमध्ये वाढलेल्या त्यांच्या नातवापेक्षा त्यांचा पाय जास्त तयार असतो.

दुकानात दाखवण्याची पद्धतही बदलावी लागेल. गिऱ्हाईक पहिल्यांदा काय करतं बघ: बूट हातात घेतं, अंगठ्याने सोल दाबतं, दुमडून पाहतं आणि म्हणतं, ‘एवढंसं सोल आणि एवढे पैसे?’ यावर भाषण नको. कोऱ्या कागदावर त्याला मोजे काढून उभं कर, पेन्सिलीने पावलाची रेघ काढ आणि त्यावर आधी त्याचा स्वतःचा बूट ठेव, मग तुझा. बोटांची रेघ स्वतःच्या बुटाच्या बाहेर आलेली दिसली की बाकीचं तोच बोलतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील असा साइझ दे. बॉक्समध्ये मराठी-गुजराती चिठ्ठी टाक: पहिले दोन आठवडे फक्त चालणं, मग थोडं थोडं धावणं, दुखलं तर थांबा. एप्रिल-मेच्या दुपारच्या डांबरावर हा सोल चटके देतो, तेही लिही.

भावाबद्दल एकच: २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावर गेलं की १८. हे एमआरपीवर नाही, विक्रीच्या किमतीवर ठरतं. तुझा माल नेमका त्या रेषेवर आहे, सीएशी बोलून किंमत खालीच बसव.

साइझ कुठले जास्त आलेत ते इथे लिही. पाच-सहा नंबरचे जोड जास्त असतील तर जिमच्या आधी गरबा क्लासकडे जा, आठ-नऊचे असतील तर मी म्हटलं तसंच कर.