मांजराची स्टेरॉइडची गोळी उतरवताना

कोल्हापुरात मांजराला दवाखान्यात आणणारी माणसं वाढली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण गोळी सुरू करताना दहा प्रश्न विचारणारी हीच माणसं ती बंद करताना कुणालाच विचारत नाहीत. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न याच एका घोळातून निघालेत, म्हणून बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. घाईत असाल तर पहिलं उत्तर तेवढं वाचा.

आमची मनी सहा वर्षांची, साडेचार किलोची आहे. आतड्याला सूज म्हणून पाच महिने रोज प्रेडनिसोलोनची 5 मिग्रॅची गोळी चालू होती. उलट्या थांबल्या, वजनही भरलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, स्टेरॉइडनं किडन्या जातात. म्हणून चार दिवसांपूर्वी गोळी बंद केली. कालपासून खात नाही, कॉटखाली बसून असते. ताकदीसाठी काय द्यावं? (कसबा बावडा)

तुमचा प्रश्न वाचल्या वाचल्या तुम्हाला फोन केला आणि मनी त्याच दिवशी दवाखान्यात पोचली. आता बाकीच्यांसाठी लिहितो, कारण अशी मनी माझ्याकडे दर महिन्याला येते.

ताकदीसाठी काही द्यायचं नाही. मांजर टोपलीत घालायचं आणि निघायचं. गोळ्यांची पट्टी बरोबर न्यायची आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं: पाच महिने प्रेडनिसोलोन होती, चार दिवसांपूर्वी एकदम थांबवली. हे सांगितलं नाही तर समोरचा माणूस कावीळ, विषबाधा, ताप असं काहीबाही शोधत बसेल. चुकलेल्या चार गोळ्या एकदम देऊन भरपाई करायची नाही. उलट्या होत असतील तर तोंडावाटे दिलेली गोळी पोटात राहतही नाही, तिथं इंजेक्शन आणि सलाईनच लागतं.

आता काकूंच्या किडनीबद्दल. त्यांचं बोट अगदी शेजारच्या अवयवावर पडलं. किडनीच्या लगत, शेंगदाण्यापेक्षा लहान अशा दोन अॅड्रिनल ग्रंथी असतात. शरीराला रोज लागणारं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, त्या तयार करतात. किती करायचं याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतो. बाहेरून रोज स्टेरॉइड आलं की पिट्युटरीला वाटतं माल भरपूर आहे, आणि ती हुकूम पाठवणं थांबवते. हुकूम नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अॅड्रिनल ग्रंथी आकसते. पाच महिने तालमीत न उतरलेल्या पैलवानाला एकदम खासबागेच्या मैदानात उभं केलं तर काय होईल, ते कोल्हापूरकरांना मी सांगायला नको. गोळी थांबते त्या दिवशी शरीरात बाहेरचं स्टेरॉइड नाही आणि आतलंही नाही. मग खाणं सुटतं, मांजर मलूल होतं, उलट्या होतात, रक्तातली साखर आणि रक्तदाब खाली येतो. त्यातच ताप, भीती किंवा ऑपरेशन असा ताण पडला तर मांजर कोसळू शकतं. शिवाय मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातही ते लठ्ठ असलं, की यकृतात चरबी साठायला लागते. तो आणखी एक जीवघेणा आजार.

म्हणून डोस पायरी-पायरीनं उतरवायचा. एका पायरीला साधारण पाव ते फार तर निम्मा डोस कमी करायचा आणि त्या पायरीवर दोन ते चार आठवडे थांबायचं. मनीसारखं मांजर असेल तर रोज 5 वरून रोज 2.5, मग एक दिवसाआड 2.5, मग त्याहूनही कमी, असा तो रस्ता असतो. हे फक्त समजण्यासाठी सांगतोय, कापून फ्रिजला चिकटवण्यासाठी नाही. आजार कोणता, किती महिने गोळी चालली, वजन किती, साखर आहे का, हृदय कसं आहे, यावर पायऱ्या बदलतात आणि त्या लिहून देणाऱ्यानंच ठरवायच्या. दिवसाआड देण्यामागचं कारण मात्र समजून घ्या. प्रेडनिसोलोनचा परिणाम साधारण 12 ते 36 तास राहतो, त्यामुळे मधल्या दिवशी ग्रंथीला थोडं काम करावं लागतं. डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टेरॉइडचा परिणाम याहून लांबतो, म्हणून त्याला हा हिशेब लावू नका.

उतरवताना दोन वेगळ्या गोष्टींवर नजर ठेवायची असते आणि लोक त्यांची गल्लत करतात. मूळ आजार उलटला तर मूळचीच लक्षणं परत येतात: आतड्याच्या मांजराला उलट्या-जुलाब, दम्याच्या मांजराला खोकला. ग्रंथी कमी पडली तर मांजर नुसतं विझल्यासारखं होतं. दोन्हींत उलटी असू शकते, म्हणून निदान घरी करू नका. वहीत रोज दोन ओळी लिहा: खाल्लं किती, पाणी किती, उलटी झाली का. आठवड्यातून एकदा वजन करा. दम्याचं मांजर असेल तर गाढ झोपेत मिनिटाला श्वास किती ते मोजा. सतत तिसाच्या वर जात असेल तर फोन करा. ही वही घेऊन येणारा माणूस माझा अर्धा तास वाचवतो.

प्रेडनिसोलोनची भीती बाळगायचीच असेल तर मांजरात ती मधुमेहाची बाळगा, कातडी नाजूक होण्याची बाळगा, दबलेला संसर्ग वर येण्याची आणि हृदय आधीच कमजोर असेल तर त्याच्यावरच्या भाराची बाळगा. याच भीतीपोटी आम्हीही डोस कमीत कमी करत आणतो. काही मांजरांना मात्र अगदी छोटा डोस आयुष्यभर लागतो. त्यात मालकाचं काही चुकलेलं नसतं.

किती दिवस गोळी दिली की एकदम बंद करता येत नाही? (शाहूपुरी)

आठवड्याच्या आतला कोर्स सहसा थेट थांबवता येतो, दोन आठवड्यांच्या पुढचा नाही. मधलं काही असेल तर लिहून देणाऱ्याला विचारा.

गोळी सकाळी द्यावी की रात्री? (मंगळवार पेठ)

रोज एकाच वेळी, खाण्याबरोबर.

मुलगा अमेरिकेतून येताना प्रेडनिसोनच्या गोळ्या आणणार आहे. तेच औषध ना? (ताराबाई पार्क)

नाही. प्रेडनिसोनचं यकृतात प्रेडनिसोलोन व्हावं लागतं आणि मांजराला ते नीट जमत नाही. मुलाला औषध सोडून दुसरं काहीतरी आणायला सांगा.

आमच्या बोक्याला खाज सुटली की दर दोन-तीन महिन्यांनी एक इंजेक्शन देतात, महिनाभर निवांत असतो. गोळ्यांपेक्षा हे सोपं वाटतं. चालू ठेवावं का? (राजारामपुरी)

तुम्हाला सोपं आहे, यात शंका नाही.

हे बहुधा लांबणीवर चालणारं, म्हणजे डेपो प्रकारचं स्टेरॉइड असणार. कार्डावर नाव लिहिलंय का बघा. नसेल तर मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. अशा इंजेक्शनचा असर आठवडेच्या आठवडे राहतो. गोळीनं साखर वाढली तर गोळी कमी करता येते. टोचलेलं औषध मात्र परत काढता येत नाही आणि त्याचा डोसही उतरवता येत नाही, ते आपल्या वेळानं संपेल तेव्हा संपेल. वरवर निरोगी दिसणाऱ्या मांजरांत अशा इंजेक्शननंतर हृदय निकामी होऊन छातीत पाणी झाल्याचं नोंदलेलं आहे. गोळी गिळायलाच तयार नसलेल्या मांजरासाठी हे इंजेक्शन कधीतरी द्यावं लागतं, मीही दिलंय. पण दर दोन महिन्यांनी वर्षानुवर्षं म्हणजे उपचार नव्हे, ते बिल आहे.

आणि खाज कशाची ते कुणी पाहिलं का? आपल्याकडं पावसाळ्याच्या दमट हवेत पिसवा माजतात. पिसवेच्या लाळेची अॅलर्जी असलेल्या मांजराला थोडे चावेही पुरतात. अंगावर एकही पिसू दिसत नाही, कारण मांजर चाटून चाटून ती गिळून टाकतं. ओल्या कापडावर मांजर विंचरा. काळे कण पडले आणि त्यांभोवती लालसर डाग उमटला, तर ती पिसवांची विष्ठा. घरातल्या सगळ्या जनावरांना दर महिन्याला मानेवर घालायचं पिसवांचं औषध, गाद्या-गोधड्या गरम पाण्यात आणि हे सलग तीन-चार महिने, कारण कोषातल्या पिसवा फटीत दडून बसतात. औषध मांजरासाठीचंच हवं. कुत्र्यासाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, त्यानं मांजराला झटके येतात आणि ते मरूही शकतं. "कुत्र्याचंच निम्मं घाला" असं काउंटरवरून कुणी सांगितलं तर पाया पडून निघा.

खाजेच्या जागी गोल टक्कल पडलं असेल तर आधी नायटा तपासा. नायट्यावर स्टेरॉइड म्हणजे चुलीत रॉकेल, आणि तो घरातल्या पोरांनाही लागतो. शेवटचं इंजेक्शन कधी दिलं ती तारीख घेऊन त्वचेची नीट तपासणी करून घ्या.

स्टेरॉइडमुळे आमच्या मांजरीला साखर झाली, इन्सुलिन चालू आहे. आता स्टेरॉइड उतरवत आहोत. ते संपलं की इन्सुलिनही बंद करू ना? (कळंबा)

तोपर्यंत थांबलात तर उशीर होईल. स्टेरॉइड कमी होत जातं तशी इन्सुलिनची गरजही कमी होत जाते. इन्सुलिन तेवढंच राहिलं तर साखर धोकादायक खाली येते. प्रत्येक पायरीनंतर साखर तपासा आणि इन्सुलिनचं युनिट डॉक्टरांकडून नव्यानं ठरवून घ्या. चाल डगमगली, मांजर भिरभिरल्यासारखं झालं किंवा झटका आला, तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं दाट पाणी चोळा आणि निघा. बेशुद्ध मांजराच्या घशात काही ओतू नका. काही मांजरांचा मधुमेह स्टेरॉइड सुटल्यावर पूर्ण मागे हटतो, तुमचीचा हटेल का हे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

दुकानात "स्टेरॉइडचे दुष्परिणाम धुऊन काढणारी" पावडर मिळते. ती दिली तर गोळी लगेच सोडता येईल का? (लक्ष्मीपुरी)

नाही. आकसलेली ग्रंथी धुऊन निघत नाही, तिला वेळ लागतो, कधी आठवडे तर कधी महिने. आणि लेबल नसलेली पुडी तर घरात आणूच नका. माणसांच्या अशा पुड्यांत खुद्द स्टेरॉइडच मिसळलेलं सापडलं आहे.

डोस उतरवताना मांजर लंगडायला लागलं. घरातली दुखण्याची गोळी थोडी देऊ का? (उचगाव)

अजिबात नाही. मेलोक्सिकॅमसारखी दुखण्याची औषधं स्टेरॉइडबरोबर पडली तर जठराला जखमा होतात, रक्त जातं. पॅरासिटामॉलची तर एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. पाय दाखवायला घेऊन या.

पाव गोळी करताना चुरा होतो. दुधात घातली तर निम्मं दूध ठेवून जातं. (रंकाळा)

मग निम्मा डोसही वाटीतच राहतो. उतरवण्याच्या काळात हे फार महत्त्वाचं आहे: तुम्ही समजता पाव गोळी गेली, प्रत्यक्षात गेलेली असते आठवा हिस्सा. गोळी कापायचं छोटं यंत्र मेडिकलमध्ये मिळतं. कापलेल्या कडेला कडवटपणा असतो, म्हणून तुकड्याला तुपाचं बोट लावा, जिभेच्या मुळाशी ठेवा आणि मागून सिरिंजनं 5 मिलिलीटर पाणी हळूहळू द्या, म्हणजे गोळी अन्ननलिकेत अडकत नाही. तरीही जमत नसेल तर पातळ औषध मागा. पण ते 5 मिलिलीटरमध्ये 5 मिग्रॅ आणि 15 मिग्रॅ अशा दोन ताकदींत मिळतं. बाटली बदलली तर मिलिलीटरही बदलतात, ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

एक जाता जाता: स्टेरॉइडवरचं मांजर भुकेनं ताटावर चढतं म्हणून त्याला पांढऱ्या रश्शातले तुकडे घालू नका. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात.

पावसाळ्यात आमच्याकडं पाणी येतं. औषध संपलं आणि रस्ते बंद झाले तर? (चिखली, ता. करवीर)

या पानावरचा सगळ्यात शहाणा प्रश्न. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं, शिरोलीजवळ महामार्गसुद्धा बंद पडला. त्या दिवसांत ज्यांच्या गोळ्या संपल्या त्यांचा डोस आपोआप एकदम बंद झाला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरात किमान तीन आठवड्यांचा साठा ठेवा. पट्टी कापून घेतलीत तर तारखेची बाजू आपल्याकडं येईल असं बघा. डोसाचा कागद, डॉक्टरांचा नंबर आणि गोळ्या झाकणाच्या डब्यात एकत्र ठेवा, आणि डबा मांजराच्या टोपलीतच बांधून ठेवा. नावेत चढताना मांजर कुणी विसरत नाही, डबा हमखास विसरतात.