सात वर्षांनी परत उडी मारताना

सात वर्षांनी स्कायडायव्हिंगकडे (विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारण्याकडे) परत येतोयस, सामान घ्यायचं म्हणतोयस, वाचून आनंद झाला. पण आधी सामान विकत घेऊ नकोस. पहिल्या दहा-पंधरा उड्या ड्रॉपझोनच्या (जिथून या उड्या मारतात त्या केंद्राच्या) भाड्याच्या, मोठ्या पॅराशूटवर मार. अमेरिकेत ए लायसन्सवाल्याचा (सुरुवातीच्या पातळीचा परवाना असलेल्याचा) ६० दिवसांहून जास्त खंड पडला तरी इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली उजळणीची उडी मारावी, अशी शिफारस आहे. तुझा तर सात वर्षांचा आहे. टांगलेल्या हार्नेसमध्ये (अंगावर बांधायच्या पट्ट्यांमध्ये) लटकून, बिघडलेलं मुख्य पॅराशूट अंगापासून सोडवून टाकणं आणि राखीव उघडणं इतकं घोटव, की हात न बघता हँडलवर गेले पाहिजेत.

पॅराशूटच्या आकाराच्या बाबतीत हौस नको. सामानासकट तुझं वजन १९० पौंड भरत असेल, तर १९० चौरस फुटांच्या खाली जाऊ नकोस. 'पूर्वी १७० चौरस फुटांचं जमायचं' हा हिशोब आज धरू नकोस. मी धरला होता, आणि उतरताना घोटा मुरगळून दोन महिने घरी बसलो.

नंतर विकत घेताना वापरलेलं सामान चालेल, पण पैसे देण्याआधी रिगरला (पॅराशूट तपासणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला) दाखव. एएडी (ठरावीक उंचीवर आपोआप राखीव पॅराशूट उघडणारं यंत्र) कधी बनलंय ते बघ. बऱ्याच यंत्रांचं आयुष्य ठरलेलं असतं, ते संपत आलेलं स्वस्त सामान महागात पडतं. आणि हार्नेस अंगावर चढवून बघ. दुसऱ्याच्या मापाचा असेल तर सोडून दे, कितीही स्वस्त मिळो.