तत्त्वज्ञान वाचायचंय, पण पुस्तक उघडलं की झोप येते. सुरुवात कुठून करू?

कांट, नीत्शे हातात घेतले की दहाव्या पानावर डोळे मिटतात, असं तुम्ही लिहिलंय. मग कांट राहू दे तूर्त. आधी घरातलं एखादं जुनं भांडण आठवा.

आमचं घर फोंडा तालुक्यात. मातीच्या भिंती, वर नळे. माझ्या लहानपणी शेणाची जमीन जाऊन लाल कोबा आला. मग वाळवी लागली म्हणून वासे बदलले, पुढे एकेक करून भिंती चिऱ्यांच्या झाल्या. काढलेल्या वाशांतले धड निवडून थोरल्या काकांनी मागे गोठा उभा केला, जुना दरवाजाही त्यालाच बसवला. वाटणीच्या वेळी काका अडून बसले. पणजोबांचं घर म्हणजे हा गोठा, तुमचं ते नवं! सोप्यावर बसलेली आजी म्हणाली, "घर तेंच मरे!" पण कुठलं, ते काही तिनं सांगितलं नाही.

कॉलेजात गेल्यावर कळलं की हे भांडण फार जुनं आहे. ग्रीक दंतकथेतला वीर थिसिअस, त्याच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या अथेन्सवाले बदलत राहिले, तर जहाज तेच का, हा वाद प्लुटार्क या ग्रीक लेखकानं नोंदवून ठेवलाय. 1655 मध्ये हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञानं त्यात पाचर मारली: काढलेल्या फळ्या जमवून कुणी दुसरं जहाज बांधलं तर? म्हणजे थेट आमचे काका. माझा भाचा तर 'वांडाव्हिजन' ही मार्व्हलची सुपरहिरो मालिका बघून मला हेच शिकवायला आला. त्यात व्हिजन नावाच्या यंत्रमानवाची दोन रूपं मारामारी थांबवून याच जहाजावर वाद घालतात.

मला स्वतःला बौद्ध भिक्खू नागसेन जास्त पटतो. मिलिंद या ग्रीक राजाला तो विचारतो, रथ म्हणजे चाकं का, आस का, जू का? यातलं काहीच नाही, सगळं जुळल्यावर वापरायचं ते एक नाव. काकांना हे सांगायची माझी छाती झाली नाही, ती गोष्ट वेगळी.

आता हेच कोडं बाहेर नेऊन बघा. मंगेशाचं लिंग 1560 मध्ये कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, प्रियोळला आलं. इथे फळी तीच, गाव बदललं. आणि 'खरा गोंयकार कोण' हा आपला कायमचा तंटा? 1961 पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, जन्मलेल्या आजोबांच्या जोरावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला स्थायिक झालेला एक. वास्कोच्या बायण्यात जन्मलेला, घरी कन्नड आणि रस्त्यावर अस्खलित कोंकणी बोलणारा दुसरा. पहिल्याला नाही म्हणवत नाही, पण दुसऱ्याला भायलो म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. फळ्यांचाच हिशेब करायचा तर आपल्यापैकी कितीजण टिकतील?

असं काहीतरी टोचायला लागलं की मग पुस्तक घ्या. पहिलं धर्मानंद कोसंबींचं आत्मचरित्र 'निवेदन'. माणूस आपल्या साखवळचा, बुद्धाच्या शोधात बायको-मुलीला मागे ठेवून घराबाहेर पडलेला. ते बरोबर केलं का, यावर आमच्याकडे जेवताना दोन तट पडतात, आणि बायकांचा तट कधीच हरत नाही. पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, मराठी विभागात विचारा. झोप आली तर तिथे खुर्च्या बऱ्या आहेत.